डावीकडे, जरा मागे

आमच्या गल्लीत कुणी गेलं, की समाचाराला निघालेली माणसं आधी मल्लप्पाण्णांच्या दारात थांबत. "अण्णा, येताय का जरा?" एवढंच विचारत. अण्णा खुंटीवरची टोपी काढत आणि निघत. ते जंगम नव्हते, भटजी नव्हते, पुढारी तर नव्हतेच. पण माणूस गेलेल्या घरात काय बोलायचं हे त्यांना पाठ होतं, आणि तिथं गेल्यावर ते तुमच्या डावीकडे, जरा मागे बसत.

मी स्वतः अनुभव घेतलेला आहे. आमच्या शाळेचे शिपाई रामभाऊ यांची बायको गेली, तेव्हा मी अण्णांना घेऊन गेलो. सतरंजीवर बसलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "रामभाऊ, फार..." पुढचं सुचेना. मी हायस्कुलात मराठी शिकवतो, पण अशा वेळी मराठी कुठं जाते कुणास ठाऊक. डाव्या कानाशी अगदी हळू आवाज आला, "वाईट झालं." "फार वाईट झालं," मी म्हणालो आणि पुन्हा अडलो. "मुलांकडे पाहून धीर धरा," कानाशी आलं. तेही म्हणून टाकलं. रामभाऊ डोळे पुसत म्हणाले, "काय करणार सर, शेवटी..." आणि तेही थांबले. अण्णा बसल्या जागी वीतभर सरकले आणि त्यांना वाक्य दिलं, "त्याच्या मनात असेल तसं." रामभाऊंनी ते घेतलं. दोन्ही बाजूंची वाक्यं एकाच माणसानं पुरवली आणि समाचार रीतसर पार पडला. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "मानूस लई चांगला हाय ओ, पर पाठांतर न्हाय."

मल्लप्पाण्णा प्रॉम्प्टर होते. एका जुन्या संगीत नाटक मंडळीत वीस-बावीस वर्षं ते विंगेत वही धरून उभे राहिले. नट अडला की त्याला पुढचं वाक्य द्यायचं, तेही असं, की नटाला ऐकू यावं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला येऊ नये. पुढं मंडळी मोडली, पडदे विकले गेले, नट पांगले. अण्णांची सवय मात्र मोडली नाही. तुम्ही बोलता बोलता क्षणभर थांबलात, की पुढचा शब्द आलाच. "शब्द पडू द्यायचा न्हाय, मास्तर," हे त्यांचं ब्रीद. "शब्द पडला की नट पडतंय. नट पडला की नाटक पडतंय. मग उरतंय काय? आपन आन् बत्त्या."

त्यांना दोन आवाज होते. मोठ्यानं बोलले तर आपलं सोलापुरी, मधूनमधून कानडी मिसळलेलं. "काय मास्तर, च्या झाला का न्हाय अजून?" असं. पण आवाज खाली उतरवला की एकही ह-कार न गाळता राजेरजवाड्यांची पल्लेदार मराठी सुरू. कंपनी मोडल्यावर ते एका छापखान्यात लागले होते. तिथं मूळ मजकूर वाचायचा आणि समोरच्यानं मुद्रितावर चुका पकडायच्या, असं काम. अण्णा दूध संघाचा वार्षिक अहवाल वाचू लागले, की खिळे जुळवणारी माणसं हात थांबवून ऐकत. म्हशींच्या खाद्याचा तपशील त्या आवाजात ऐकला की हात आपोआप टाळीला जात, असं छापखान्याचे मालक सांगायचे.

लग्नातही त्यांना मागणी असे. नाव घ्यायच्या वेळी नवरी लाजून गप्प झाली, की बायका अण्णांना हाक मारत. अण्णा तिच्या डावीकडे जाऊन उभे राहत आणि चार ओळी जोडून तिच्या नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी देत. एकदा नवरदेवाचं नाव विचारायचंच राहिलं आणि अण्णांनी तिच्या तोंडी सासऱ्याचं नाव दिलं. बिचाऱ्या नवरीनं तेही घेतलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना मला फारसं बरं वाटणार नाही, कारण तिच्यात मी शोभलेलो नाही.

दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. रेशनवरच्या लाल मायलो ज्वारीची चव अजून जिभेवरून गेली नव्हती. तरी आमचं नाट्यचर्चा मंडळ जोरात होतं. मी त्याचा चिटणीस. दर दुसऱ्या रविवारी दुपारी ग्रंथालयाच्या माडीवर आम्ही पंधरा-सोळा जण जमायचो. जुनी नाटकं त्या काळी रंगभूमीवर कशी होत, कोण नट काय करी, यावर वाद घालायचो. कॉलेजचे तीन-चार प्राध्यापक, दोन म्हातारे नट, एक पेटीवाले, बाकी माझ्यासारखे. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर निगुडकर. पुण्याहून आलेले, विद्वान, आवाज खणखणीत. त्यांना मधे थांबवण्याची ताकद फक्त गिरणीच्या भोंग्यात होती.

निगुडकरांचा जीव एका नाटकावर, 'शापसंध्या' त्याचं नाव. त्यात एक राजा रागाच्या भरात शाप देतो आणि तो त्याच्याच मुलाला लागतो. चौथ्या अंकात राजपुत्र शेजेवर मरून पडलेला असतो, साऱ्या महालाला ते ठाऊक असतं, एकट्या राजाला नसतं. राजा येतो, शेजेपाशी उभा राहतो आणि म्हणतो, "ऊठ वत्सा. सूर्य दाराशी तिष्ठत उभा आहे, आणि तू अजून निजलेला?"

पुस्तकात एवढंच आहे. पण अण्णांच्या कंपनीतले मुख्य नट दादासाहेब ते वाक्य बोलण्याआधी थांबत. नुसते उभे राहत. थिएटरात कुणी श्वास घेत नसे म्हणे. सोलापुरातल्या एका प्रयोगात ते पहिल्यांदा तसे थांबले आणि मग शेवटपर्यंत थांबत राहिले. म्हातारी माणसं अजून त्या थांबण्याबद्दल बोलायची. निगुडकरांनी तो प्रयोग पाहिलेला नव्हता, पण त्या मौनावर चाळीस पानांचा लेख लिहिलेला होता.

दर बैठकीत विषय तिथं येई, आणि दर बैठकीत अण्णा उठून उभे राहत. "तितं काय न्हाय. तितं वाक्य हाय. पुस्तकात बघा."

"पुस्तकात मौन छापता येत नाही, अण्णा," निगुडकर म्हणत. माणसं टाळ्या वाजवत. म्हाताऱ्या नटांपैकी एक जण, जो त्या नाटकात राणीची दासी व्हायचा, माझ्या कानात म्हणे, "विंगेतल्या माणसाला स्टेजवरच्या माणसाचं कौतुक बघवत नाही हो." मलाही तसंच वाटायचं. एरवी एवढा गरीब माणूस, पण या एका जागी त्याच्या मनात काळं आहे, असं मी धरून चाललो होतो.

मंडळाच्या वर्धापनदिनाला तो चौथा अंक करून दाखवायचा आणि लगेच त्यावर चर्चा करायची असं ठरलं. वही धरायला अण्णांशिवाय दुसरं कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात. आत यायला तयार नाहीत.

"मास्तर, आजवर तुमच्याकडं कायबी मागितलं न्हाय. एक मागतो. तेवडं वाक्य येळेवर बोलू द्या. राजा आला, उभा राह्यला, बोलला. बस. डोळं मिटायच्या आदी एकदा मला ते येळेवर पडलेलं ऐकायचं हाय."

"बघतो की," मी म्हणालो. "निगुडकरांशी बोलतो."

बोललो नाही. मी त्यांच्याच हाताखाली बाहेरून एम.ए. करत होतो आणि माझ्या प्रबंधिकेचा विषय अजून मंजूर व्हायचा होता. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, दोनदा त्यांच्या घरचा चहा पिऊन परत आलो.

राजाचं काम व्यंकटेशकडे होतं. बँकेत कारकून, घरचे विणकर, बोली तेलुगू, पण मराठी अशी, की प्राध्यापकांनी धडे घ्यावेत. मागांच्या खडखडाटात वाढलेला असल्यामुळे त्याला एक विद्या आपोआप आली होती. कुणी कितीही हळू बोलो, ओठ दिसले की त्याला कळे. अण्णा त्याच्यावर फार खूश. "ह्या पोराला आवाज द्यावाच लागत न्हाय," ते म्हणायचे. "नुस्ता ओठ हलवला की घेतंय."

तालमीला निगुडकर हातात घड्याळ घेऊन बसत. "आता थांब. अजून. अजून. बत्तीस सेकंद हवेत." शेजेवर राजपुत्राच्या जागी शालीखाली ग्रंथालयाचा लोड ठेवलेला होता. व्यंकटेश त्या लोडाकडे बघत उभा राही. विंगेत अण्णा वही धरून, कपाळाला घाम. तिसऱ्या तालमीला त्यांच्यानं राहवलं नाही. राजा शेजेपाशी पोचला न पोचला तोच त्यांनी वाक्य दिलं आणि व्यंकटेशनं घेतलं.

निगुडकर ताडकन उठले. "अण्णा, तुम्ही प्रॉम्प्टर आहात, दिग्दर्शक नव्हे! ज्या मौनानं एक नट अमर झाला ते तुम्हांला बुजवायचंय?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी वही मिटली, खुर्चीवर ठेवली आणि जिना उतरून गेले.

मी मागोमाग त्यांच्या घरी गेलो. लाज वाटली म्हणून गेलो असं लिहायला हवं, पण खरं म्हणजे आयत्या वेळी दुसरा प्रॉम्प्टर कुठून आणायचा ही चिंता होती. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या बायको गंगव्वा चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"बसा मास्तर," अण्णा म्हणाले. "तुमाला वाटतंय मी दादासायबावर जळतो. वाटू दे. तुमी तवा जल्मला असाल नसाल. कंपनी हितं सोलापुरात उतरली हुती. ही पोराला घिऊन मंद्रूपला, माहेरात. प्रयोगाच्या दिवशी दुपारी मेवणा सायकलवर आला. म्हनला, पोराला लई ताप हाय, डोळं पांढरं करतंय, चला. मंद्रूप काय ओ, सायकलीवर दोन तासाचं. मालक म्हनले, प्रयोग करून जा. दादासायबाला एक वाक्य पाठ न्हाय. तू गेलास तर नाटक पडतंय."

चुलीपुढचा थापण्याचा आवाज थांबला होता.

"मी थांबलो. पैला अंक दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. चौथ्यात ते वाक्य आलं. घरी पोर तापात पडलेलं, आन् आपल्या तोंडानं मेलेल्या पोराला 'ऊठ' म्हनायचं? अभद्र वाटलं, मास्तर. जीभ उचलंना. तिकडं दादासायेब वाक्याची वाट बघत हुबा. इकडं मी तोंड गच्च मिटून. किती येळ गेला ठावं न्हाय. मग दिलं. बाहेर ही टाळी! दादासायेब आत आले आन् मला मिठीच मारली. म्हनले, रोज असंच करायचं."

"आणि मुलगा?"

"पहाटं पोचलो. मातीबी झालती." अण्णा गुडघ्यावरच्या धोतराची घडी नीट करत राहिले. "फुडं अकरा वर्सं प्रत्येक प्रयोगाला मी तितं तोंड मिटून विसापत्तुर मोजायचो. लोक टाळ्या वाजवायचे. कशाला वाजवतात, तर माझं पोर... माझा..."

ते थांबले. मल्लप्पाण्णा वाक्यात अडले, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला पुढचा शब्द माहीत नव्हता.

"शिवानंद," गंगव्वा चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून सांगितलं, "तीस वर्सं झाली, ह्यांनी नाव घेतलं न्हाय. मीच एकली घेते."

अण्णांनी ते नाव घेतलं नाही. उठून तांब्यातलं पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्या येतो मी तालमीला. सायबांना सांगा, म्हनतील तवा वाक्य दीन."

यानंतर तरी मी निगुडकरांकडे जाऊन सगळं सांगायला हवं होतं. मी तेही केलं नाही. अण्णांनी विश्वासानं सांगितलं आहे, आपण कसं फोडायचं, असं एक चांगलं कारण मला सापडलं होतं.

वर्धापनदिनाला माडी भरली. गंगव्वाही आल्या होत्या, मागच्या बाकावर, पदर तोंडाशी धरून. अंक चांगला रंगला. मी विंगेत अण्णांच्या पाठीशी उभा होतो. व्यंकटेश शेजेपाशी आला. उभा राहिला.

अण्णांच्या हातात वही उघडी होती, बोट त्या ओळीवर होतं, पण डोळे वहीत नव्हते. ते शालीखालच्या त्या लोडाकडे बघत होते. मग त्यांचे ओठ हलले. आवाज मलाही आला नाही. व्यंकटेश मात्र मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून ओठ बघत होता, आणि अण्णांनी दिलेलं वाक्य घ्यायचं एवढंच त्याला ठाऊक होतं.

"एळो, मगा," व्यंकटेश म्हणाला.

ऊठ रे बाळा. सोलापुरात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. निम्म्या माडीला त्यांच्या आयांनी रोज सकाळी याच शब्दांनी उठवलेलं होतं. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर कुणी तरी हुंदका दिला, कुणी ते मी वळून पाहिलं नाही. अण्णा दचकले, वहीत बघितलं आणि पुस्तकातलं वाक्य दिलं. व्यंकटेशनं तेही घेतलं आणि अंक शेवटाला गेला.

लगेच प्रेक्षकांसमोरच खुर्च्या गोल मांडून चर्चा सुरू झाली. निगुडकर लालबुंद. "एका अभिजात, संस्कृतप्रचुर नाटकात कानडी? ज्या क्षणासाठी सगळा अंक उभा आहे, त्या क्षणी हा रसभंग? कुणाची कल्पना ही?" व्यंकटेश म्हणाला, "मला सुचलं, सर." पोरगा खोटं बोलला आणि माझ्या मनात त्याची किंमत वाढली. मग मंडळी नेहमीप्रमाणे सुटली. इतिहासाच्या प्राध्यापकांनी सांगितलं, की तो राजा मुळात कर्नाटकातलाच असावा. पेटीवाले म्हणाले, त्या शब्दांनी सूर एकदम खाली आला, तिथं एक पद हवं. दासी व्हायचे ते नट म्हणाले, दादासाहेब असते तर थोबाडीत मारली असती. पाव तास हे चाललं होतं. शाल तशीच पडली होती आणि तिच्याखालचा लोडही तसाच.

अण्णा उभे राहिले.

"चूक त्या पोराची न्हाय. माझी हाय. वाक्य मी दिलं." निगुडकर बोलायला गेले, पण अण्णांनी हात वर केला. तेवढं धाडस मी त्यांच्यात कधी बघितलं नव्हतं. "आन् पैली बी माझीच."

"कुठली पहिली?"

"तुमी चाळीस पानं लिवली ती. दादासायेब थांबले न्हाईत, सायेब. त्यांना वाक्यच आलं न्हाय. मी दिलं न्हाय. प्रॉम्प्टरनं तोंड मिटलं. त्याच्यापरीस मोटं पाप आमच्या धंद्यात न्हाय. पर त्या दिशी तिकडं मंद्रूपला माझा..."

आणि शब्द पडला.

अण्णा उभे होते, ओठ उघडे, आणि काही येत नव्हतं. सोळा विद्वान आणि नट समोर बसले होते. साऱ्या गावाला वाक्यं पुरवणाऱ्या माणसाला द्यायला त्यांच्यापैकी एकाकडेही शब्द नव्हता. निगुडकरांनी मान खाली घातली. मला अण्णांची इतकी दया आली आणि स्वतःची इतकी किळस आली, की मी खुर्ची तशीच उचलली. अण्णांच्या डावीकडे, जरा मागे नेऊन ठेवली, आणि बसलो.

"शिवानंद," मी हळूच म्हणालो. पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही, इतकं हळू.

अण्णांनी मान वळवली नाही. चांगला नट कधी विंगेकडे बघत नाही.

"शिवानंद," ते म्हणाले. मागच्या बाकावरच्या गंगव्वांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं म्हणाले. "माजं पोरगं. शिवानंद त्याचं नाव."

पुढचं मला द्यावं लागलं नाही.